पुढची खुर्ची, उष्टं पाणी

मी ट्रोलिंग मोटर बोलतेय. मासेमारीच्या बोटीला मागं जे मोठं इंजिन असतं ना, ते नव्हे. ते पेट्रोल पितं, सगळ्या तळ्याला ऐकू जाईल अशी बोंब मारतं, बोट जागेवर नेऊन सोडतं आणि मग खुशाल झोपतं. खरं काम तिथून पुढं असतं. मासे बिथरणार नाहीत अशी बोट हळूहळू ओढायची आणि वाऱ्यात एका जागी धरून ठेवायची, ते काम माझं. मी बॅटरीवर चालते, बोटीच्या पुढच्या टोकावर बसते आणि पायानं ऐकते. ज्याचा पाय माझ्या पेडलवर, त्याचा माझ्यावर हुकूम.

जन्म माझा उत्तरेकडच्या कारखान्यातला, जिथं अर्धं वर्ष बर्फच असतं. तिथून खोक्यात बसून मी टेनेसीत, रीलफूट तळ्याकाठच्या एका दुकानात आले. गळाला लावायच्या जिवंत मासोळ्यांची टाकी आणि सार्डिनच्या डब्यांची फळी यांच्या मधल्या भिंतीवर मला दोन वर्षं टांगून ठेवलं होतं. येणारा प्रत्येक जण माझा पंखा फिरवून बघायचा, दांडा ठोकून बघायचा, नाक मुरडायचा आणि दोन डझन मासोळ्या घेऊन चालता व्हायचा. नुसतं हात लावून बघायची माणसांना भारी हौस.

मग एका फेब्रुवारीत इमोजीन आली. पासष्टीची बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं चारशे पोरांचं जेवण रांधलेले तिचे दंड. तिनं पंखा फिरवला नाही की दांडा ठोकला नाही. दुकानदाराला म्हणाली, "ही काढ खाली. नको, खोकं मीच उचलते. तू दार धर."

घरी तिचा नवरा डॉईल स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसला होता. खोकं जमिनीवर टेकल्याचा आवाज त्यानं ऐकला.

"काय आणलंस एवढं जड?"

"मोटर."

"अगं, बोट वेंडेलकडं चाललीय ना? त्याला वर नवी मोटर आहेर म्हणून देतेस की काय?"

वेंडेल म्हणजे डॉईलचा धाकटा भाऊ. आणि बोट त्याच्याकडं जाणार होती ती डॉईलच्या डोळ्यांमुळं. त्याच्या नजरेच्या ऐन मधोमध करडा डाग धरला होता. कडेचं थोडं दिसायचं, समोरचं काहीच नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढणार, कमी होणार नाही. हिवाळ्याच्या तोंडाला बोटीवरची जुनी मोटर जळली तेव्हा त्यानं ती दुरुस्तही केली नाही. भावाला सांगून टाकलं, "वसंतात घेऊन जा बोट."

इमोजीननं समोरची खुर्ची ओढली. "बोट कुठं जायची नाही. मी चालवते, तू मासे धर."

"तू? आणि मी काय, माझ्याच बोटीत गाठोड्यासारखा मागं बसू?"

"मी बसले नाही का?"

इथंच तर घोडं पेंड खात होतं. बोटीत दोन खुर्च्या असतात, एक पुढं आणि एक मागं. पुढच्याच्या पायाखाली पेडल. बोट कुठं वळायची ते तो ठरवणार, आणि न ढवळलेल्या पाण्यात पहिला गळ त्याचाच. मागच्याला मिळतं ते उष्टं पाणी. पुढच्यानं मासे वेचून घेतल्यावर जे उरेल ते. इमोजीननं अडतीस वर्षं उष्ट्या पाण्यात गळ टाकला होता. डॉईलनं गावातल्या निम्म्या लोकांना पेडल शिकवलं, बायकोला कधी नाही. तिनंही कधी मागितलं नाही, हेही खरं.

डॉईलनं कप बाजूला सारला. मग म्हणाला, "ठीक आहे. डॉगवूडचं झाड फुललं की क्रॅपी मासे उथळ पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या खुंटांवर येतात. त्या शनिवारी एक फेरी. माझ्या पट्ट्यावर, जिथं पाण्याखाली नुसते खुंटच खुंट आहेत. नांगर टाकायचा नाही. वाऱ्यात बोट तिथं धरून दाखव. जमलं तर बोट राहिली. नाही जमलं तर वेंडेल धक्क्यावर ट्रक घेऊन उभा असेल."

"उभा राहू दे की," इमोजीन म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं मला दोन खुर्च्यांवर आडवी टाकली आणि पेडल स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली ठेवलं. पाण्याबाहेर मला वीज द्यायची नसते, पण वळवायला वीज लागत नाही. चवडा दाबला की मी उजवीकडं मान वळवते, टाच दाबली की डावीकडं. ती वर बटाटे सोलायची आणि खाली पाय चालायचा. चवडा, टाच, चवडा. पायानं पायाचं काम करावं, डोळ्यांनी खाली बघू नये, असा तिचा हट्ट होता. डॉईल पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकायचा. माझ्या तारेची कर्रकर्र झाली की ओरडायचा, "आत्ता खुंटाला धडकलीस बघ!" हीसुद्धा काही कमी नव्हती. "तुझ्याच पायावरून गेले," म्हणायची.

मार्चमध्ये छपराखाली उभ्या असलेल्या बोटीवर मला बसवायला घेतलं. हात तिचे, अक्कल त्याची, आणि दोघांचीही तोंडं सुटलेली. माझी बैठक पुढच्या टोकावर ठेवून त्यानं बोटांनी कडा चाचपल्या. "अजून बोटभर बाहेर घे. नाहीतर खाली सोडताना दांडा बोटीला घासेल." तिनं घेतली. भोकं पाडली, बोल्टखाली रबराच्या चकत्या घातल्या. मागच्या दोन बॅटऱ्या जोडताना तो म्हणाला, "एकीची लाल दुसरीच्या काळीला. आणि मधे तो फ्यूजचा खटका घाल, वायर जळाली तर बोटीसकट जाशील." तिनं घातला. सगळं सुरळीत चाललं होतं. मग पेडलची वेळ आली.

"उजवीकडं लाव. जुनं तिथंच होतं."

"मी डाव्या पायानं चालवणार."

"डाव्या पायानं कुणी चालवतं का?"

"महिनाभर टेबलाखाली डावाच चाललाय माझा. पाय माझा आहे, भोकं मी म्हणेन तिथं पडतील."

आणि तिनं ड्रिल चालू केलं. बोटीच्या कडेला हात ठेवून डॉईल तसाच उभा राहिला. माझ्या मते पुढची खुर्ची गेली, हे त्याला तेव्हा खरं कळलं. मला वाईट वाटलं त्याचं. पण पेडल पक्कं बसलं, हेही सांगायला हवं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डॉगवूड फुलांनी पांढरा झाला. शनिवारी सकाळी धक्क्यावर वेंडेल खरंच ट्रकला टेकून उभा होता, हातात बोलोन्याचं सँडविच. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही त्याच्या.

"वहिनी, खुंट मोजून जा हां. परत येताना दोन-चार कमी भरतील!"

"तू सँडविच मोज," इमोजीन म्हणाली आणि बोट पाण्यात सोडली.

पट्टा डॉईलला पाठ होता. "उजवीकडं दोन सायप्रसची झाडं एकमेकांना टेकलीत, दिसली? त्यांच्या डावीकडून वाऱ्याच्या तोंडावर आत शीर." वायव्येचा वारा होता, अंदाजापेक्षा जास्त. इमोजीननं मला पाण्यात सोडलं आणि त्यानं सांगितलं तसंच टोक पुढं घालून पट्ट्यात शिरायला लागली. दहा हात गेलो असू. तेवढ्यात एक झुळूक आली, तिनं पेडल जोरात दाबलं, आणि माझा पंखा पाण्याखालच्या खुंटावर आदळला. कड्!

पंख्याची खिळी तुटली. ती तुटावी म्हणूनच असते, नाहीतर मीच मोडले असते. पण खिळी तुटली की मी आतल्या आत नुसती घोंघावते, पंखा काही फिरत नाही. वारा आम्हाला ढकलत ढकलत लव्हाळ्यात घेऊन गेला.

डॉईलनं आवाजावरूनच ओळखलं. "झालं. चल आता, मोठं इंजिन लाव. वेंडेल वाट बघतोय."

त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. उलट रडवेला होता तो. पैज जिंकली की बोटच जाणार होती त्याची.

"बघू दे वाट," इमोजीन म्हणाली. गुडघ्यांवर बसून तिनं मला वर ओढलं, नट काढला, तुटके तुकडे काढून खोक्यातली दुसरी खिळी बसवली. हात गारठले होते, दोनदा पाना निसटला, एक शिवी हासडली. सगळं तिचं तिनं केलं. तोही मदतीला उठला नाही. तिनं उठू दिलंच नसतं.

पण आता ती पुन्हा त्याच वाटेनं शिरली नाही. लांबून वळसा घालून तिनं मला पट्ट्याच्या वरच्या अंगाला नेलं, जिकडून वारा येत होता तिकडं. मोठं इंजिन वर उचलून त्याचं शेपूट पाण्याबाहेर काढलं.

"इंजिन का उचललंस?" डॉईलनं विचारलं.

"गप बस आणि गळ टाक."

बोटीचं तोंड तिनं वाऱ्यात धरलं आणि माझा जोर अगदी थोडा कमी केला. मी ओढतेय, वारा ढकलतोय, आणि बोट वीत-वीतभर मागं सरकतेय. चवडा, टाच, चवडा. वारा इकडं फिरला की मी तिकडं मान वळवायची. सांगते तुम्हाला, बोट ओढणं सोपं आहे. तिला हळूच जाऊ देणं फार अवघड. अंग तापलं माझं, पण तिचा पाय ढळला नाही आणि मीही ढळले नाही.

थोड्या वेळानं डॉईल म्हणाला, "इमोजीन, माझ्या गळाला खुंट लागला."

"लागणारच."

"तुझ्या?"

"माझ्याकडं अजून साधं पाणीच आहे."

त्यानं गळाची काठी खाली टेकवून खुंट पुन्हा चाचपला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे बोट उलटी सोडलीस तू? मागचं टोक आधी?"

"उलटी की सुलटी मला माहीत नाही. न ढवळलेलं पाणी तुझ्याकडं आहे, एवढं खरं."

"असं कुणी करत नाही."

"करता मात्र येतं. अडतीस वर्षं मागं बसून मी दुसरा कसला विचार करत होते असं वाटतं तुला?"

तेवढ्यात त्याची काठी वाकली. भाकरीएवढा क्रॅपी. त्यानं तो हातानं चाचपला, डब्यात टाकला आणि गळ पुन्हा टाकायचं विसरून तसाच बसून राहिला.

"मला एकदाही सुचलं नाही गं हे."

"सुचलं नाही, की नको होतं?"

वाऱ्याच्या दोन झुळका आल्या नि गेल्या. मी दोन्ही झेलल्या.

"नको होतं," डॉईल म्हणाला. "तू माझ्यापेक्षा चांगला गळ टाकतेस, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. पहिलं पाणी तुला दिलं असतं तर सगळ्या गावाला कळलं असतं. चुकलं माझं."

इमोजीननं मागं वळून पाहिलं नाही. पण टाच जरा जास्तच दाबली गेली. ते मला कळलं, कारण मान मलाच वळवायची होती.

"मलाही पहिल्या वर्षीच कळलं होतं," ती म्हणाली. "गळ टाक. मासे थांबणार नाहीत तुझ्यासाठी."

दोन तास तिनं बोट तिथं धरली. डॉईलनं एकोणीस मासे काढले, तिनं सहा.

धक्क्यावर वेंडेल पुढं आला. डबा बघून त्याचा चेहरा पडला, तरी विचारलंच, "मग दादा? बोटीचं काय ठरलं?"

"मला काय विचारतोस?" डॉईल म्हणाला. "मी मागच्या खुर्चीतला माणूस. पुढं कोण बसलंय बघ, आणि तिला विचार."

वेंडेल इमोजीनकडं वळला. "वहिनी?"

"नुसता उभा काय राहतोस? ट्रेलर पाण्यात घे," ती म्हणाली. "बोट घरी न्यायचीय. आमच्या."

याला आता सहा वसंत झाले. माझ्या पंख्याच्या कडा खुंटांनी चावून टाकल्यात, चार खिळ्या गेल्या, आवाज घोगरा झालाय. मागच्या वर्षी पंख्यामागं मासेमारीचा दोरा गुंडाळला गेला आणि आत पाणी शिरलं. दुकानदार म्हणाला, आता टाकून द्या हिला. वेंडेलनंही नव्या तऱ्हेच्या मोटरची भलावण केली. ती म्हणे आकाशातल्या उपग्रहांना विचारून बोट आपली आपण जागेवर धरते, नुसतं बटण दाबायचं. इमोजीननं ऐकून घेतलं. मग मला स्वयंपाकघरात आडवी करून पंखा खोलला, दोरा चिमट्यानं ओढून काढला आणि नवं रबर घातलं.

तुमच्याही शेडमध्ये माझी एखादी बहीण धूळ खात पडली असेल. तिला भंगारात घालण्याआधी तेवढा एकदा पंखा खोलून बघा. बऱ्याचदा आमचं काही बिघडलेलं नसतं, नुसता दोरा अडकलेला असतो.

डॉईलचं कडेचं दिसत होतं तेही या हिवाळ्यात गेलं. आता तो डोळे मिटूनच बसतो. पण काल गळ खाली सोडून तो म्हणाला, "हा तुटक्या सायप्रसाचा खुंट," आणि तो तोच होता. वारा आम्हाला पलीकडं ढकलायला बघत होता. इमोजीननं टाच दाबली, मी मान वळवली, आणि बोट हलू दिली नाही.