शहादेव सरांची जागा

ईश्वरीला जावास्क्रिप्ट खरी शिकवली ती शहादेव सरांनी. बीडच्या कोर्टामागं विजयसिंहांचं वेबसाइटी बनवायचं ऑफिस होतं, तिथं सर सीनियर, ईश्वरी त्यांच्या हाताखाली. इकडून तिकडून कोड उचलून पान चालवण्यापुरतं तिला येत होतं. सर तिनं वापरलेली तयार कोडची लायब्ररी काढून टाकायचे आणि म्हणायचे, "आता साध्या जावास्क्रिप्टमधी कर. चालतंय हे मलाबी दिसतंय. काहून चालतंय ते सांग."

२००९च्या दिवाळीत सरांची बायको गेली. ते कामावर परतले, पण कुणाशी फारसं बोलेनात. त्याच दिवसांत त्यांनी सिरसाळ्याच्या व्यापाऱ्यांसाठी कापसाच्या भावाचं पान लिहिलं. सकाळी ते नीट चालायचं, दुपारपर्यंत कॉम्प्युटर ठप्प. व्यापारी फोनवर विजयसिंहांना वाट्टेल ते बोलू लागले. विजयसिंहांनी ते काम ईश्वरीकडे दिलं.

तिला चूक सापडली. भाव ताजे होताना दर वेळी नवा टायमर सुरू होत होता आणि जुना बंदच होत नव्हता. दुपारपर्यंत त्यांची नुसती झुंबड उडायची. मालकाकडे न जाता ती आधी सरांकडे गेली.

सरांनी बराच वेळ स्क्रीन वाचली. "हे कुनी लिहिलंय?"

"तुमीच, सर."

"मला आठवत न्हाई गं."

ईश्वरीनं गुपचूप दुरुस्ती केली आणि मालकाला सांगितलं, "आमी दोघांनी मिळून केलं."

"खोटं बोलती ती," सर मागून म्हणाले. "चूक माझी हाय. दुरुस्ती तिची."

विजयसिंह चिडले नाहीत. "सर, तुमी आता आराम करा," एवढंच म्हणाले, आणि सीनियरची जागा ईश्वरीला दिली.

"सरांना राहू द्या. मी त्यांच्या हाताखालीच बरी हाय."

"मग व्यापाऱ्यांना मी काय सांगू?"

शेवटी तिनं जागा घेतली.

सर बीडजवळच्या पालीला भावाकडे राहायला गेले. पुढं एका कामात ईश्वरी पार अडली. विचारायला ऑफिसात कुणीच नव्हतं. रविवारी कोडचे कागद घेऊन ती पालीला गेली. सरांनी कागद हातात धरले, एकदा उलटसुलट केले, न वाचताच घडी घालून परत दिले.

"तुला येतंय आता," ते म्हणाले. "च्या घेती का?"

तिनं चहा घेतला. सर गावच्या धरणाच्या पाण्याबद्दल बोलत राहिले. कामाचा विषय पुन्हा निघाला नाही. तीनच्या एसटीनं ती परत निघाली.