गीताबाईंची नजर

"मान सरळ नको करू, बेटा! त्या तिकडंच बघत होत्या."

खालून आलेल्या आवाजानं परांचीवरच्या सायलीचा ब्रश थांबला. उस्मानपुऱ्यातल्या या लांबलचक भिंतीवर शहरातल्या जुन्या नाटकांची चित्रं रंगवायचं काम तिच्याकडं होतं, आणि आज ती एका जुन्या फोटोवरून नटी गीताबाईंचा चेहरा रंगवत होती. पांढऱ्या दाढीचे हे चाचा तीन दिवसांपासून समोरच्या फुटपाथवर ठिय्या देऊन बसले होते, पण आजवर त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं.

"चाचा, फोटोत मान वळलीय खरी. पण भिंतीवर तिनं लोकांकडं बघायला पाहिजे ना?"

खाली रंग कालवणारा तिचा जोडीदार सत्यम हसला. "आमचे आजोबा सांगायचे, ही बाई लई भारी, पण तिसऱ्या अंकात दर खेपेला अडकायची. मग विंगेत बघायची. आता तिची चूक भिंतीवर कशाला रंगवायची?"

चाचा, म्हणजे इब्राहीमभाई, गप्प बसले. गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. उभी हयात त्यातच गेली होती. दिवसा वह्या-पुस्तकांची बांधणी आणि संध्याकाळी विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग. नट अडला की वाक्याचे पहिले दोन शब्द हळूच द्यायचे. शाळा उर्दूतून झालेली, म्हणून अख्खं मराठी नाटक त्यांनी उर्दू लिपीत वहीत उतरवून घेतलं होतं. नटमंडळींनी त्या वहीची पुष्कळ टर उडवली, आणि अडलं की तिच्याकडंच कान लावले. प्रॉम्प्टर म्हणजे भाजीतलं मीठ. असलं तर कुणी नाव घेत नाही, नसलं तर सगळे बोंबलतात.

गीताबाई शाळेत शिकवायच्या. नाटक त्यांना तोंडपाठ. फक्त तिसऱ्या अंकात "दिवा मालवू नका" म्हणायच्या, थांबायच्या आणि डावीकडं विंगेत बघायच्या. इब्राहीमभाई शब्द द्यायचे, "अजून कुणीतरी..." मग त्या म्हणायच्या, "अजून कुणीतरी यायचंय." चाळीस प्रयोग झाले आणि चाळीसही वेळा हेच.

लोक त्यांना विसराळू म्हणायला लागले, तेव्हा बिडकीनच्या प्रयोगाआधी इब्राहीमभाईंना राहवलं नाही.

"बाई, एवढं एकच वाक्य कसं ध्यानात राहत नाय तुमच्या?"

गीताबाई आरशात बघून कुंकू लावत होत्या. "राहतं की. पण सगळ्या नाटकात तुमच्याकडं कुणी बघतं का हो? म्हणून मी एकदा बघते."

"लोक नावं ठेवतेत."

"ठेवू द्या. तुम्ही मात्र बोलू नका कुठं."

ते बोलले नाहीत. बाई लग्न होऊन गंगापूरला गेल्या, त्यांचं नाटक सुटलं. दोन वर्षांपूर्वी त्या वारल्या, तेही पेपरातल्या फोटोवरून कळलं. ते प्रेम होतं का, हे इब्राहीमभाईंनी स्वतःलाही कधी विचारलं नाही. पण त्या एका नजरेसाठी ते उरलेला जन्म झुरले, एवढं खरं.

वर सायलीनं पुन्हा ब्रश उचलला. इब्राहीमभाई उठले, रस्ता ओलांडून परांचीखाली आले. मनातल्या मनात त्यांनी बाईंची माफी मागितली.

"बेटा, ती चूक नव्हती. त्या माझ्याकडं बघायच्या."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. सत्यमची रंगातली काठी थांबली. सायली खाली उतरली, बराच वेळ फोटो बघत राहिली.

"चाचा, मग बाई बघतायत त्या टोकाला तुमचं चित्र काढू?"

"नको. मी दिसलो तर प्रॉम्प्टर कसला?"

आठवड्यानं परांची उतरली. इब्राहीमभाई दुपारच्या नमाजानंतर आले. गीताबाई डावीकडं बघत होत्या, ओठ किंचित उघडे. त्यांची नजर जिथं पडत होती तिथं भिंत संपत होती आणि विजेचा खांब होता. खांबाशेजारी उसाच्या रसाची गाडी उभी होती. रसवाल्याला थोडं सरकायला सांगून इब्राहीमभाई बरोबर तिथं जाऊन उभे राहिले.

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. इब्राहीमभाईंकडं कुणाचं लक्ष नव्हतं. वही घरीच होती. या वाक्याला ती कधी लागलीच नव्हती.

"अजून कुणीतरी," ते हळूच म्हणाले आणि थांबले. दोन शब्दांच्या वर प्रॉम्प्टरनं द्यायचं नसतं. पुढचं वाक्य बाईंचं होतं. खांबाला हात टेकून ते वाट बघत राहिले.