शिवगंगेचा बाक

कोचिंग क्लासच्या बोर्डावर पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे रंगवावेत तर गौसियानंच, असं लातुरात म्हणत. आणि बोलणीही तीच खाई. "बाई, लेकाचा मेडिकलला नंबर लागलाय. फोटोला हार घालायचा हाय का त्याच्या?" असं एका बापानं भर चौकात विचारलं होतं. चेहरे गंभीर उतरत, त्याला ती काय करणार? भूकंपानंतर वर्षभर तिनं गेलेल्या माणसांची चित्रं काढून दिली होती, ओळखपत्रावरच्या टिकलीएवढ्या फोटोंवरून. हाताला तेच वळण लागलं.

अशा बाईला फादरांच्या कॉलेजचं पत्र आलं. कॉलेजला पंचवीस वर्षं झाली म्हणून येशूसंघाचे फादर तिथल्या कलावंत माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करणार होते. येताना स्वतःचं एक चित्र आणावं. कलावंत! पहिल्याच वर्षी कॉलेज सुटलं, तेव्हापासून गाव तिला पेंटरबाई म्हणत होतं. पत्र तिनं तीनदा वाचलं.

न्यावं असं चित्र एकच होतं. तिची वर्गमैत्रीण शिवगंगा गणपती बुडवायला गावी गेली आणि भूकंपाच्या त्या रात्री घराखालीच राहिली. फोटो एकही उरला नाही, म्हणून गौसियानं ती आठवणीतून काढली, दात दाखवून हसणारी.

ते चित्र शिवगंगेच्या घरी होतं. गौसिया एसटीनं निलंग्याकडच्या नव्या गावठाणात गेली. शिवगंगेचे वडील गुरुपादप्पा चित्राखालीच बसले होते.

"आप्पा, एक दिवस द्या. संध्याकाळी आणून देते."

"न्हाई जमायचं. आठ वर्सं भिंत मोकळी ठिवली न्हाई. तू दुसरं काढ की. पेंटर हायस न्हवं?"

चहा पिऊन ती परतली.

सत्काराच्या दिवशी हॉलमध्ये तिच्या नावाची चिठ्ठी रिकाम्या स्टँडवर डकवलेली होती. एक पाहुणे बराच वेळ समोर उभे राहून म्हणाले, "मॉडर्न आहे वाटतं."

इतक्यात दारात गुरुपादप्पा. धुवट धोतर, काखेत चादरीत गुंडाळलेली चौकट.

"एकलीला कशी धाडू? म्हनून संगं आलो."

गौसियाचा जीव भांड्यात पडला. "इथं ठेवा, आप्पा."

"आधी तिचा वर्ग दाखीव. कुठं बसायची?"

"आत्ता? पुढचं नाव माझंच हाय."

"मंग थांबतो की," म्हणत ते चौकट छातीशी धरून उभे राहिले. स्टँडकडं त्यांनी पाहिलंही नाही.

गौसियानं एकदा स्टेजकडं बघितलं. मग चौकटीची एक बाजू धरली.

दुसरा मजला, खिडकीजवळचा तिसरा बाक. आप्पांनी चादर सोडली, चित्र बाकावर टेकवलं आणि शेजारी अंग चोरून बसले. खालून लाउडस्पीकर ओरडला, "गौसिया पेंटर!" थोड्या वेळानं पुन्हा.

"तुला बोलवायलेत वाटतं."

"हाव."

"जा की मंग."

"बसा ओ, आप्पा," ती म्हणाली आणि पुढच्या बाकावर बसली, तेव्हा वर्गात बसायची तशीच, मागं तोंड करून.