कॅप्टन टंगस्टनचं शेवटचं पान

मी आम्रपाली. राहणार हडपसर, नोकरी हिंजवडीत. म्हणजे निम्मं आयुष्य कंपनीच्या बसमध्ये. त्या बसच्या मागच्या सीटवर आमचं टोळकं बसतं आणि कुठल्या पिक्चरमधली मारामारी भारी, कुणी कुठल्या कॉमिकची वाट लावली, यावर रोज भांडतं. टोळक्याचा म्होरक्या अनिरुद्ध, कसबा पेठेतला. त्याची कॉमिक्स काचेच्या कपाटात असतात आणि हात लावायच्या आधी तो आपल्याला हात धुवायला लावतो.

त्या शुक्रवारी 'कॅप्टन टंगस्टन' लागला होता. आम्ही सगळ्यांनी रविवारची तिकिटं काढली होती. मी म्हटलं, "शेवटी तो मुखवटा काढतो आणि कारखान्यातला साधा वेल्डर निघतो ना, तिथे मी रडणार. आधीच सांगून ठेवते."

अनिरुद्ध हसला.

"वेल्डर? अगं, राजाचा हरवलेला मुलगा असतो तो. ताकद रक्तातच असते त्याच्या." त्याने मोबाईलवर शेवटचं पानच दाखवलं. सिंहासन, मुकुट, सगळं होतं. "आपण मूळ कॉमिक वाचलंय, की रद्दीवाल्याने सांगितलं?"

रद्दीतलंच होतं हो! आमच्या धोंडिबा आजोबांनी आणलेलं, शेवटचं पान नसलेलं. आजोबा स्वतः कारखान्यात वेल्डर. इंग्रजी येत नव्हतं, चित्रं बघून गोष्ट सांगायचे. टंगस्टनच्या मुखवट्यावर बोट ठेवून म्हणायचे, "ह्यो आपल्यातला हाय, पोरी." शेवटही त्यांनीच सांगितलेला. त्या शेवटाच्या जोरावर मी शाळेत पोरांशी भांडले, बारावीत गणितात आपटले तरी पुन्हा उभी राहिले, इंजिनिअर झाले. आणि आता म्हणे सगळी थाप!

शेवट आजोबांनी सांगितला होता, हे मी बोलून गेले. "ज्यांनी मूळ वाचलं नाही, त्यांनी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतं देऊ नयेत," अनिरुद्ध म्हणाला. मी घरी पोचेपर्यंत त्याने मला ग्रुपमधून काढूनही टाकलं होतं. संताप आला नुसता.

पण खरी धास्ती वेगळीच होती. रविवारी आजोबाही येणार होते. ऐंशीव्या वर्षी माणसाने टंगस्टनसाठी इस्त्रीचा सदरा काढून ठेवलेला. चारचौघांत त्यांचा शेवट खोटा पडणार आणि ते मला बघवणार नव्हतं. न्यायचंच नाही असं दोनदा ठरवलं. त्यांना सांगायचं काय, ते सुचेना. शेवटी नेलं.

पिक्चरमध्ये मुखवटा उतरला, मुकुट चढला. थिएटरभर शिट्ट्या वाजल्या. मी आजोबांकडे बघितलंच नाही. दिवे लागल्यावर पुढच्या रांगेतून अनिरुद्ध वळला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "काय आजोबा, वेल्डर नाही निघाला की!"

"ठावं हाय मला," आजोबा म्हणाले. "पुस्तकातबी असंच व्हतं."

मी चमकले. "म्हणजे? शेवटचं पान होतं?"

"व्हतं की. म्या फाडलं." काठी टेकत ते उठले. "राजाच्या पोटी जल्मला म्हनून ताकद आली म्हनं! आन समोर ही वेल्डरची नात बसलेली, डोळं मोठं करून. मग तिनं काय करायचं? घातलं ते पान बंबात."

मला रडू फुटलं. जिथे रडणार म्हणून सांगितलं होतं, तिथून थोडं पुढे.

"पण आजोबा, मूळ शेवट तोच आहे," अनिरुद्ध पुटपुटला.

"असंल. आमच्या घरात न्हाई."

सोमवारी मी मागच्या सीटवर मधोमध जाऊन बसले. अनिरुद्ध म्हणाला, "ग्रुपमध्ये परत घेतो तुला."

म्हटलं, "राहू दे. मी वेल्डरचा शेवट लिहायला घेतलाय, चित्रांसकट. वाचायचा असेल तर हात धुऊन ये."