सुदर्शनदादा जागचा हलला नाही

नारायणगावच्या ट्रॅक्टर शोरूममध्ये मी स्पेअर पार्टच्या काउंटरवर असते. रोज निरगुडसरहून जीपने येते, जीपनेच परत जाते. तिथं सुदर्शनदादा सेल्समन आहे. तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या केलेला, दारात उभा राहिला तर आतला उजेड अडवणारा माणूस. बोलणं मात्र मऊ. गिऱ्हाईक आलं की आधी विचारणार, "रान किती हाय, पावणं? पाण्याचं कसं?" आणि लहान ट्रॅक्टरवर भागत असेल तर मोठा घेऊच द्यायचा नाही. माणसं दारातूनच त्याचं नाव घेत आत यायची.

नवे मॅनेजर कुंडलिकसर पुण्याहून आले आणि हेच त्यांच्या डोळ्यांत खुपलं. सकाळच्या मीटिंगला आम्हा सगळ्यांना खुर्च्या, सुदर्शनदादाला मात्र ते उभं ठेवायचे. "पैलवान, ताकद सगळी दंडातच गेली का? वर काही शिल्लक आहे?" तो गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायचा, ते बोलणं सर रेकॉर्ड करून सगळ्यांना ऐकवायचे. 'व्हतं', 'न्हाई' अशी नक्कल करायचे. पोरं हसायची. हसलं नाही तर उद्या आपली पाळी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुदर्शनदादा खाली मान घालून ऐकायचा आणि कामाला लागायचा.

एकदा साळुबाई नावाच्या म्हाताऱ्या आजी लेकाबरोबर ट्रॅक्टर न्यायला आल्या. पूजा झाली, नारळ फुटला. आजी सुदर्शनदादाला म्हणाल्या, "ये बाबा, तू बी फोटोत ये." तेवढ्यात कुंडलिकसर मोठ्यानं म्हणाले, "तो नको आजी, कॅमेऱ्यात मावत नाही. आणि ट्रॅक्टरचा खपही कमी होईल."

सुदर्शनदादा मागं सरला आणि एकदम ट्रॅक्टरच्या चाकाला धरून खाली बसला. कपाळावर घाम, छातीवर हात, बोटं वाकडी झालेली. "आरतीताई, मी चाललो," एवढंच तो मला म्हणाला. आमचा मेकॅनिक बहिरू आणि मी, आम्ही दोघांनी त्याला शोरूमच्या जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. वाटेत त्यानं माझा हात असा धरला होता की बांगडी पिचली.

डॉक्टरीणबाईंनी छातीची ईसीजी पट्टी काढली, रक्त तपासलं. मग त्याच्याजवळ स्टूल ओढून बसल्या.

"हृदय ठणठणीत आहे तुमचं. हा पॅनिक अटॅक होता."

"म्हंजी मला कायच झालं न्हाई?" त्याला हायसं वाटण्याऐवजी लाज वाटली. "एवढा गडी मी, उगाच घाबरलो?"

"उगाच नाही. जे झालं ते खरंच झालं. शरीरानं धोक्याची घंटा वाजवली, इतकंच. त्यानं माणूस मरत नाही. कामावर काही त्रास आहे का?"

मग त्यानं सगळं सांगितलं. बहिरू भिंतीकडे बघत उभा होता.

बाईंनी त्याला एका समुपदेशकांकडे पाठवलं. तिथं तो नेमानं जाऊ लागला. अटॅक आला की पळायचं नाही, पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, श्वास सावकाश सोडायचा, आणि ही लाट आहे, ओसरणार, असं स्वतःला सांगायचं. हे तो मला जेवणाच्या सुट्टीत सांगायचा. अगदी कुस्तीतला डाव सांगावा तसं.

पण पूजेच्या त्या दिवशी कुणीतरी व्हिडिओ काढला होता. चाकाला टेकून धापा टाकणारा सुदर्शनदादा. काही आठवड्यांनी कुंडलिकसरांनी तो शोरूमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, वर हसणारी तोंडं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये म्हणाले, "या, हार्ट अटॅकशेठ! आज कुठल्या चाकाखाली बसणार?"

मला दिसलं, त्याच्या मानेवर घाम फुटला. आता हा बाहेर जाईल, असं मला वाटलं. तो गेला नाही. त्यानं एक रिकामी खुर्ची ओढली, तिच्यावर बसला आणि दोन्ही पाय फरशीवर टेकवले.

"सर, मला आत्ता अटॅक आलाय," तो म्हणाला. आवाज फाटत होता. "थोड्या येळात जाईल. तवर थांबा. मला बोलायचंय."

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या देखत तो धडधाकट माणूस डोळे उघडे ठेवून श्वास घेत राहिला, सोडत राहिला. कुंडलिकसर "काय नाटक आहे," म्हणाले, पण तेही जागेवरच राहिले.

मग तो बोलला. "त्या व्हिडिओत मी मरतोय असं मला वाटत व्हतं. माझी पोरगी माझ्या डोळ्यांपुढं आली व्हती. त्याच्यावर तुमी हसला. मी जसा बोलतो तसाच बोलणार, माझं गिऱ्हाईक बी तसंच बोलतं. माझ्या कामात चूक काढा, मी ऐकीन. माझ्यावर हसायचं आजपासून बंद. आन तो व्हिडिओ काढून टाका."

मग बहिरू उठला. "सर, काढा तो. मी बी त्या दिवशी तिथंच व्हतो." मीही उठले. एकेक करत बाकीचेही उठले. कुंडलिकसरांनी फोन काढला आणि व्हिडिओ पुसला.

त्याच दिवशी आम्ही मालकांकडे, गुलाबचंदशेठकडे गेलो. शेठ आधी म्हणाले, "जरा सांभाळून घ्या राव, साहेब नवीन आहेत."

"शेठ, मी नोकरी सोडायला आलो न्हाई," सुदर्शनदादा म्हणाला. "नोकरी करायला आलोय. ती करू द्या."

शेठना पटायला वेळ लागला. त्यांनी आम्हा प्रत्येकाला एकेकटं बोलावून विचारलं, आणि प्रत्येकानं खरं सांगितलं. त्यानंतर सकाळच्या मीटिंगला ते स्वतः बसू लागले. कुंडलिकसरांनी कधी माफी मागितली नाही. दिवाळीनंतर ते दुसरीकडे गेले.

अटॅक अजूनही येतात त्याला. मागं भीमाशंकरच्या रस्त्यानं ट्रॅक्टर पोचवायला निघाला होता, घाटात अटॅक आला. त्यानं ट्रॅक्टर कडेला घेतला, तो ओसरेपर्यंत बसला, आणि पुढं जाऊन डिलिव्हरी देऊन आला. हे तो आता कुणालाही सांगतो, पाठीत उसण भरली होती असं सांगावं तितक्या सहज.

मागच्या आठवड्यात बहिरू माझ्या काउंटरजवळ त्याला हळूच म्हणाला, "दादा, माझ्या बायकूला बी तसंच व्हतं. लोक म्हणतात, बाहेरचं हाय."

"बाहेरचं बिहेरचं काय न्हाई," सुदर्शनदादा म्हणाला. "सोमवारी वहिनीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडं ये. मी येतो संगं."

सोमवारी त्यानं सुट्टी टाकली होती.