कॉइलला हळद

नवरी शकूनं हळदीच्या अंगानंच सांगून टाकलं, "भट बसला तर मी उठते."

माजिवड्याच्या मांडवातल्या सगळ्या माना मुलाकडच्यांकडं वळल्या. नवऱ्या मुलाचा काका धोंडीबा कळव्याहून आला होता, अंगात कोट घालून. कोट अंगात आला की काही माणसांना आपली आई अडाणी वाटायला लागते, तसला हा. आगऱ्यांची लग्नं धवलारीण लावते. बाई उभी राहते, लग्नाची गाणी, धवळे गाते, आणि नवरा-नवरी एकमेकांची होतात. पिढ्यान् पिढ्या अशीच झाली, एकाही लग्नाला गळती लागली नाही. पण धोंडीबानं ठाण्याहून भट आणून बसवला होता. तो भट ओसरीवर वेगळा पाट टाकून, आमच्या सावलीपासून सोवळं सांभाळत, आमच्याच घरचं दूध पीत होता.

"दिवस मावळेपर्यंत धवलारीण आली तर ती," धोंडीबा म्हणाला. "नायतर भटजी. मुलाकडचा शब्द हाय ह्यो."

धवलारीण रंगूबाई अडकली होती ओवळ्याला. तिच्या बैलगाडीचा आस मोडला होता. निरोप आला तेव्हा ऊन कलायला लागलेलं.

शकूचा भाऊ आनंदा उठला. "मी आणतो."

"कशावर?" धोंडीबा हसला. "तुझ्या त्या पादऱ्या सायकलीवर?"

मांडव खदखदला. आनंदाचे कान तापले. त्याच्याकडं इंजिनाची सायकल होती. ठाण्यातल्या एका शेठनं विलायतेहून मागवली, दोनदा पडला आणि भंगारात फेकली. शेठ लोकांचं असंच असतं, पडले की यंत्र वाईट. आनंदा तारखात्यात तारा ओढायचा, त्याला रोग कळला. इंजिनाला ठिणगी देणारी कॉइल मरतुकडी होती. सपाटीला चालायची, चढ आला की फुसफुस करून बसायची.

पण धोंडीबाला ठाऊक नव्हतं की आनंदानं कालच कॉइल बदलली होती. ठाण्याच्या खोपट भागात एक विजेचा वैद्य होता, वातावर झटके द्यायचा. एका रोग्यानं त्याला काठीनं उलटा झटका दिल्यावर तो पळाला, आणि त्याची झटक्यांची पेटी आनंदानं उचलली. आत केवढी कॉइल, नारळाएवढी! ठिणगी अशी पडायची की डोळे दिपावे. ती पेटी त्यानं सायकलीच्या दांडीवर, दोन मांड्यांच्या मधे आवळून बांधली होती.

आनंदा ढकलायला लागला तशी आई लक्ष्मी धावत आली. "थांब रे मेल्या! नवी वस्तू, नारळ नको फोडाया?" आणि आनंदा नको नको म्हणेपर्यंत तिनं फाडकन नारळ फोडला, पेटीवरच. पाणी फटीतून आत.

गाडी धडधडली. आनंदा उडी मारून बसला आणि लगेच दुसरी उडी मारली, बसल्या जागी. वीज ओल्या पेटीतून मांडीत शिरत होती. दर ठिणगीला एक चिमटा, हातातून हँडलात. "आये गं! आये गं!" करत तो वेशीबाहेर पडला. लोकांना वाटलं, पोरगं आनंदानं ओरडतंय.

ओवळ्याला रंगूबाई मोडक्या गाडीवर पाय लांब करून बसली होती. गुडघे धरलेले, तोंड मात्र मोकळं.

"ह्यावर बसू मी? ह्या लोखंडी गाढवावर?"

"बस गो आजी, नायतर भट लगीन लावतोय शकूचं."

"भट?" म्हातारी टुणकन उठली. हळदी-तेलाची वाटी पदरात बांधून मागच्या फळीवर बसली, आनंदाच्या कमरेला मिठी घातली. गाडी सुटली. पहिलाच चिमटा आनंदातून तिच्यापर्यंत गेला.

"मुडद्या, चावतंस कं मना?"

"मी नाय गो, कॉइल!"

"कोण कॉइल? थोबाड फोडीन तिचा!"

मग तिनं धवळाच सुरू केला. प्रत्येक झटक्याला सूर एक घर वर. रस्त्याकडेची म्हसरं शेपट्या वर करून पळाली. गवत कापणाऱ्या बाया विळे टाकून रस्त्यात नाचायला लागल्या. आनंदा रडत होता की हसत होता, त्याचं त्यालाच कळेना.

कापूरबावडीच्या चढाला गाडी खोकली, आणि मेली. सगळी वीज पाण्यातून गळत होती, ठिणगीला उरेना. सूर्य ताडांच्या शेंड्यांना टेकलेला.

"नारळाचं पाणी गेलंय आत," आनंदा कपाळाला हात लावून म्हणाला. "पुसून तेल चोपडलं असतं तर वीज आत राहिली असती. इथं तेल कुठलं?"

रंगूबाईनं पदराची गाठ सोडली. "ह्ये काय हाय मग?"

"ती शकूची हळद, आजी."

"हळद लावल्याबिगर कोण मांडवात येतं कं? ही पण येतेय ना तुझी कॉइल? लाव!"

आनंदानं पेटी उघडली, कोरड्या फडक्यानं टिपून टिपून पुसली, हळदीचं तेल तारांच्या टोकांना, लाकडाला, फटींना थापलं. पिवळीधमक कॉइल नवरीसारखी दिसायला लागली. दोघांनी ढकललं. म्हातारी ढकलत होती, गुडघे धरलेली म्हातारी!

धडाड! चढ असा गेला की आनंदाची टोपी खाली राहिली आणि तो वर. चिमटा नाही, काही नाही.

"आरं, चावायची का थांबली?" मागून रंगूबाई खट्टू झाली. "गुडघं मोकळं झालं व्हतं."

मांडवात भटानं अंतरपाट धरायला घेतला होता. शकू उठून उभी होती, धोंडीबा तिच्यावर डोळे वटारत होता, आणि तेवढ्यात गाडी सरळ मांडवात शिरली. भट अंतरपाटासकट ओसरीच्या पलीकडं गेला. डोंगरावर सूर्याची एक कड अजून बाकी होती.

"धोंडीबा," रंगूबाई फळीवरून उतरून म्हणाली, "दिवस बघ. बघितलास? आता बाजूला हो."

आणि तिनं धवळा उचलला. शकू हसत खाली बसली.

लग्न लागलं. लक्ष्मी नारळ घेऊन गाडीकडं निघाली, तसा अख्खा मांडव एका आवाजात ओरडला, "नको!"

मग तो नारळ लांब, चिंचेखाली फोडला.