न प्यायलेली दारू

देवमननं जन्मात दारू शिवली नव्हती. तरी त्याचं स्वादुपिंड सुजलं आणि हा दारू पिणाऱ्यांचाच रोग म्हणून अख्ख्या रिठद गावानं त्याला दारुडा ठरवलं. तालुक्याला, रिसोडला, जाऊन आला की बायको, लिलाबाई, दारातच त्याचं तोंड हुंगायची.

आज सकाळी पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पुतणीचा, रूपाचा, फोन आला. "काका, तुमच्या स्वादुपिंडातून तपासाले काढलेल्या तुकड्यातली एकेक पेशी येगळी करून तिची जनुकं वाचली. अंगातल्या राखणदार पेशीच स्वादुपिंडावर उलटल्या व्हत्या. दारूचा संबंध नाई. गोळ्यांनी बरं व्हते."

"मंग पयले काहून नाई समजलं?" लिलाबाई मधेच फोनवर खेकसली.

"पयले समद्या पेशी एकत्र दळून पाहत, काकू. पिठात किडका दाणा दिसते काय?"

संध्याकाळी देवमन रिसोडहून आला आणि सवयीनं तोंड पुढं करून दारात थांबला.

"कायले उभे राह्यले? या आत," लिलाबाई खाली बघत म्हणाली.